विकायला नसलेली रात्र : बालीला सहली नेणाऱ्या मराठी कंपन्यांना खुले पत्र

सहल कंपन्यांचे मालक, प्रॉडक्ट टीममधली मंडळी आणि ब्रोशर लिहिणारे सगळे,

स. न. वि. वि.

मी तुमच्यातलीच एक. अकरा वर्षं टूर मॅनेजर होते. हातात झेंडी, गळ्यात आयकार्ड, पर्समध्ये रूमिंग लिस्ट, उलटीच्या गोळ्या आणि कुणाचा तरी विसरलेला चष्मा. बालीला पंधरा-सोळा वेळा तरी गेले असेन. ज्या कंपन्यांसाठी गेले त्यांची नावं घेत नाही, कारण भांडण एकट्या कुणाशी नाही. आता गुडघ्यांनी राजीनामा दिलाय आणि मी नागपूरला घरी बसून लोकांची ब्रोशरं वाचते.

गेल्या आठवड्यात भाचीनं असंच एक ब्रोशर पाठवलं. बाली, पाच रात्री सहा दिवस, मार्च महिना. पहिल्या पानावर समुद्र, दुसऱ्या पानावर झोका, तिसऱ्यावर कुठल्याशा बीच क्लबचा निळा-जांभळा उजेड आणि खाली ‘बालीची रंगीन नाइटलाइफ’. चौथ्या दिवसापुढे एवढंच लिहिलेलं : ‘दिवस मोकळा. हॉटेलच्या सुविधांचा मनसोक्त आनंद घ्या.’ मी तारीख ताडून पाहिली. तो न्येपीचा दिवस होता.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, आणि तुमच्या ऑफिसात असे बरेच निघतील. न्येपी म्हणजे बालीच्या हिंदूंचं नवं वर्ष. त्या दिवशी सकाळी सहापासून दुसऱ्या दिवशी सकाळी सहापर्यंत अख्खं बेट बंद असतं. आपल्याकडच्या बंदसारखं अर्धं शटर वर करून चहा विकणं नाही. डेनपसारच्या न्गुरा राय विमानतळावर एकही विमान उतरत नाही, एकही उडत नाही. बंदरं बंद, दुकानं बंद, एटीएम बंद, रस्ते रिकामे. २०१८ पासून मोबाइलचं इंटरनेटसुद्धा बंद करतात. घराबाहेर फक्त पचालांग, म्हणजे गावाचे पारंपरिक पहारेकरी. दवाखाना आणि रुग्णवाहिका सोडून कुणालाही सूट नाही, पर्यटकालाही नाही. हॉटेलच्या आवारातून पाऊल बाहेर टाकायचं नाही, अंधार पडला की दिवे मिणमिणते ठेवायचे, पडदे ओढून घ्यायचे. २०२३ मध्ये दोन पोलिश पर्यटक त्या दिवशी समुद्रकिनाऱ्यावर तंबू ठोकून बसले होते. त्यांची रवानगी थेट मायदेशी झाली.

याला तुम्ही ‘दिवस मोकळा’ म्हणता.

त्याच २०२३ च्या न्येपीला मी बालीत होते. सोबत अठ्ठावीस पॅक्स, म्हणजे आपल्या धंद्याच्या भाषेत प्रवासी. माझ्या हातातल्या आयटिनरीत चौथा दिवस होता ‘किंतामणी ज्वालामुखी, फुल डे’. लोकल एजंटनं महिनाभर आधी मेल टाकली होती म्हणे, ती कुठल्या इनबॉक्समध्ये वाचणाऱ्याची वाट बघत पडली होती देव जाणे. मला कळलं ते तिथे पोचल्यावर, विमानतळाबाहेर. आमच्या गाईडनं (नाव वायान, तिथे घरटी पहिल्या मुलाचं नाव बहुधा वायानच असतं, त्यामुळे यात कुणाची ओळख उघड होत नाही) मला बाजूला घेतलं आणि अगदी हळू विचारलं, “मॅडम, तुमच्या लोकांना माहीत आहे ना?”

नव्हतं. मलाच नव्हतं, तर त्यांना कुठून असणार?

कुणी काय काय ऐकवलं ते लिहीत बसत नाही. एका काकांनी तर पाच रात्रींच्या पैशाला पाचानं भागून मला कागदावर परताव्याची रक्कम लिहून दिली. त्यांचं चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही. मनात राहिलं ते वेगळंच. या सगळ्या गोंधळात आम्ही लोकांना पैसे घेऊन त्या बेटावरच्या वर्षातल्या सगळ्यात मोठ्या दोन दिवसांत आणून सोडलं होतं, आणि ते आम्हालाच ठाऊक नव्हतं.

न्येपीच्या आदल्या दिवशी दुपारनंतर कुटाचे, म्हणजे आम्ही उतरलो होतो त्या पर्यटनवस्तीचे, रस्ते बंद व्हायला लागले. आमचा कोच अडकला. रात्रीचं जेवण इंडियन रेस्टॉरंटमध्ये बुक होतं, ते गेलं. वायान म्हणाला, उतरा, चालत जाऊ, दाखवतो. वैतागलेले अठ्ठावीस जण माझ्यामागून निघाले आणि पहिल्याच चौकात थांबले. समोरून दोन पुरुष उंचीचा राक्षस येत होता. बाहेर आलेले डोळे, सुळे, लोंबती जीभ, एक पाय हवेत. बांबूच्या आडव्या-उभ्या चौकटीवर तो उभा आणि ती चौकट खांद्यावर घेतलेली पंचवीस-तीस पोरं, एकसारखे टीशर्ट घातलेली. मागे झांजा आणि ढोल, ज्याला ते बलेगांजुर म्हणतात. चौकाच्या मधोमध आल्यावर पोरांनी तो राक्षस गरागरा फिरवला, एकदा, दोनदा, तीनदा. त्यामागे दुसरा. त्यामागे तिसरा.

याला म्हणतात ओगोह-ओगोह. प्रत्येक बंजारची, म्हणजे वस्तीची, तरुण मंडळी आठवडेच्या आठवडे खपून आपापला राक्षस बनवतात. वर्गणी, रात्रीची जागरणं, शेजारच्या वस्तीपेक्षा आपला भारी झाला पाहिजे ही ईर्षा : मंडळात वाढलेल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. आमच्यातल्या नागपूरच्या एका काकू तर बघताक्षणी ओरडल्या, “अहो, ही तर मारबत!” आणि खरंच तसंच आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही काळी-पिवळी मारबत आणि बडगे काढतो, रोगराई, महागाई, जी काय त्या वर्षीची पीडा असेल ती सगळी त्यांच्यावर लादतो आणि ‘इडा पीडा घेऊन जा गे मारबत’ म्हणत गावाबाहेर नेऊन जाळतो. बालीतही वर्षाची घाण त्या राक्षसात भरायची, चौकाचौकांत त्याला चकवा लागेल असा फिरवायचा आणि शेवटी पेटवायचं. काकूंनी दोन्ही हात वर करून आरोळी दिली. शेजारच्या बालीच्या पोरांना शब्द कळला नाही, पण त्यांनीही हात वर केले.

हा प्रकार फार प्राचीन आहे असं मात्र ब्रोशरमध्ये लिहू नका. आदल्या दिवशीचा तावूर नावाचा यज्ञविधी जुना आहे, ओगोह-ओगोहची ही एवढी थोरली मिरवणूक मुख्यतः १९८० च्या दशकातली. १९८३ मध्ये न्येपीला इंडोनेशियात राष्ट्रीय सुट्टी मिळाली आणि त्यानंतर ती गावोगाव पसरली. २०२० मध्ये कोविडनं मिरवणुका रद्द झाल्या होत्या, म्हणून मी पाहिल्या त्या वर्षी पोरांच्या अंगात जरा जास्तच आलं होतं.

मग दहा-अकराच्या सुमारास आवाज विरला. आम्ही हॉटेलात आलो. केळी आणि बिस्किटं खाऊन झोपलो.

दुसऱ्या दिवशी आमच्यातल्या एक आजी, वय पंचाहत्तर, साताऱ्याच्या, पहाटेच आंघोळ करून तयार. तो दिवस होता २२ मार्च. आमचा गुढीपाडवा. आजींनी बॅगेत छोटा तांब्या, जरीचा खण आणि साखरेची गाठी आणली होती, फक्त काठी नव्हती. हाउसकीपिंगच्या मुलाकडे त्यांनी खाणाखुणा करून काठी मागितली. तो मुलगा आदल्या रात्रीपासून हॉटेलातच मुक्कामाला होता, कारण त्या दिवशी कामगारालाही घरून येता येत नाही. त्यानं लांब दांड्याच्या मॉपची काठी आणून दिली. आजींनी बागेकडच्या बाल्कनीत गुढी उभारली. तो बघत राहिला. म्हणाला, “पेन्जोर?”

पेन्जोर म्हणजे गलुंगान या सणाला बालीतल्या प्रत्येक घरासमोर उभारतात तो उंच, शेंड्याला वाकवलेला, नारळाच्या झावळ्यांनी आणि धान्यानं सजवलेला बांबू. मी म्हटलं, जवळपास तेच, आमचं आज नवीन वर्ष. तो म्हणाला, आमचंही. कुठलं साल? मी म्हटलं, शके १९४५. तो हसला. मोबाइल काढून मला त्यांचं कॅलेंडर दाखवलं. ‘साका १९४५.’

मंडळी, आपल्या प्रत्येक लग्नपत्रिकेवर आणि पंचांगावर छापला जातो तोच हा शक. आकडासुद्धा तोच. चैत्राच्या आदल्या अमावास्येनंतर त्यांचंही वर्ष पालटतं. अधिक महिना ते वेगळ्या ठिकाणी धरतात, म्हणून काही वर्षी तारखा फाकतात : २०२४ मध्ये त्यांची न्येपी ११ मार्चला झाली आणि आपला पाडवा आमच्याकडच्या अधिक श्रावणामुळे ९ एप्रिलला गेला. २०२५ मध्ये न्येपी २९ मार्च, पाडवा ३० मार्च. २०२६ मध्ये दोन्ही पुन्हा एकाच दिवशी, १९ मार्चला, शके १९४८. मराठी माणसाला बाली विकताना याहून मोठं काही हाताशी असेल असं मला वाटत नाही, आणि अकरा वर्षांत एकाही ब्रोशरमध्ये मी ही ओळ वाचलेली नाही. झोक्याचा फोटो मात्र प्रत्येकात.

त्या दिवसाचे नियम चार. त्यांना म्हणतात चतुर ब्रत, आपलं चतुर्व्रत. अमती गेनी, म्हणजे अग्नी नाही, दिवा नाही. अमती कार्य, काम नाही. अमती ललुंगान, प्रवास नाही. अमती ललांगुआन, करमणूक नाही. आदल्या रात्री एवढा दंगा करून भुतंखेतं जागी करायची आणि दुसऱ्या दिवशी बेटावर कुणी राहतच नाही असं सोंग आणायचं, म्हणजे ती फसून पुढे निघून जातील, असं तिथले लोक हसत हसत सांगतात. काही घरांत उपास असतो, मौन असतं.

रात्री साडेसातला आमच्या हॉटेलात मी टॉर्च घेऊन रूम रूम फिरले, पडदे नीट लावलेत का बघायला. परत येताना आतल्या बागेत थांबले. पायऱ्यांवर आमचेच पंधरा-वीस जण बसले होते, कुणी बोलत नव्हतं. डोक्यावर आकाश. मी कुटामध्ये इतक्या रात्री काढल्यात, तिथे आकाश असतं हे कधी लक्षातच आलं नव्हतं. खाली एकही दिवा नाही, वर एकही विमान नाही, लांब कुठेतरी कुत्रं आणि समुद्राचा आवाज, जो एरवी लेजियन या क्लबांच्या रस्त्यावरच्या गाण्यांच्या दणदणाटात बुडालेला असतो. परताव्याचा हिशोब लिहून देणारे काका नातवाला हळू आवाजात मृग नक्षत्र दाखवत होते. (पैसे त्यांनी परत आल्यावर मागितलेच. आणि मिळाले नाहीत, तेही सांगून टाकते.)

तर माझं पहिलं म्हणणं साधं आहे. न्येपीची तारीख वर्षभर आधी जाहीर असते. ती बघा. त्या आठवड्यातली सहल विकत असाल तर पैसे घेण्याआधी लोकांना स्पष्ट सांगा की या दिवशी तुम्ही हॉटेलात बंद असाल, उजेड नसेल, मोबाइलला नेट नसेल, स्वयंपाकघर जेवढं देईल तेवढं खावं लागेल. ज्याला नको तो दुसरी तारीख घेईल. जो येईल तो कशासाठी येतोय हे समजून येईल. काही कंपन्या आता हुशारी करून त्या दिवसापुरतं लोकांना बोटीनं शेजारच्या लोंबोकला नेतात, कारण तिथे सगळं चालू असतं. यजमानाच्या घरी वर्षाचा सण, आणि पाहुण्यानं तेवढ्यापुरतं शेजाऱ्याकडे जेवायला जावं, तसं.

आता नाइटलाइफचं. मी सोवळी बाई नाही. कुटा, सेमिन्याक, चांगूच्या क्लबांत मी पॅक्स घेऊन गेलेय, नाचलेयसुद्धा. ज्यांना जायचं त्यांनी जावं. फक्त तीन गोष्टी जाणाऱ्यांना सांगत जा, आणि त्या छोट्या अक्षरांत नकोत. एक, स्वस्तातली देशी दारू, अराक, अनोळखी ठिकाणी पिऊ नका. मिथेनॉलच्या भेसळीनं तिथे परदेशी माणसंही मेलेली आहेत. दोन, भाड्याच्या दुचाकीवर क्लबमधून परतू नका. आणि तीन, लेजियन रस्त्यावर जे स्मारक आहे, दगडी, नावं कोरलेलं, त्याच्यासमोर व्हीची खूण करून ग्रुप फोटो काढू नका. १२ ऑक्टोबर २००२ च्या रात्री तिथल्या दोन नाइटक्लबांत बॉम्बस्फोट झाले आणि २०२ माणसं मेली. महिनाभरानंतर बालीच्या लोकांनी त्या जागेच्या शुद्धीचा मोठा विधी केला, मेलेल्या सगळ्यांसाठी, आपल्या आणि परक्या. मी स्वतः पहिल्या दोन-तीन सहलींत तिथे ‘नाइटलाइफ स्ट्रीट’ असं ओरडत लोकांना कोचमधून उतरवलंय. आठवलं की आजही लाज वाटते.

पण बालीची रात्र तेवढीच आहे असं जे तुम्ही छापता ते खोटं आहे. त्या बेटावर देवळं हजारोंनी आहेत आणि प्रत्येक देवळाचा ओदालान, म्हणजे वर्धापन, बहुतेक ठिकाणी २१० दिवसांनी येतो. २१० दिवसांचं पावुकोन नावाचं दुसरंच एक कॅलेंडर तिथे शकासोबत चालतं. म्हणजे कुठल्याही रात्री कुठल्या ना कुठल्या गावात देऊळ जागं असतंच. बायका डोक्यावर फळांच्या उतरंडी घेऊन येतात, गामेलान हा तिथला वाद्यमेळ वाजत असतो, मुखवट्यांचा तोपेंग चालतो, पडद्यामागे दिव्यासमोर चामड्याच्या बाहुल्यांचा वायांग रात्री उशिरापर्यंत चालतो आणि समोर पोरं झोपून गेलेली असतात. कोकणात जत्रेचा दशावतार बघितलेल्या माणसाला तिथे परकं वाटणार नाही. पिंगुळीच्या बाहुल्या ज्यानं बघितल्यात त्याला तर नाहीच नाही.

हे वाचून उद्या तुमच्यातला कुणीतरी ‘ऑथेंटिक टेम्पल नाइट, प्रति पॅक्स अमुक’ असं ऑप्शनल काढेल याची मला धास्ती आहे. म्हणून इथे जरा थांबते, कारण याचा विचार बालीच्या लोकांनी आपल्यापेक्षा कितीतरी आधी केलाय.

हॉटेलं वाढायला लागली तशी देवळातली नृत्यं हॉटेलच्या स्टेजवर जायला लागली. तेव्हा १९७१ मध्ये तिथल्या कलावंतांनी, पंडितांनी आणि अधिकाऱ्यांनी डेनपसारला चर्चासत्र घेतलं, आणि नृत्यांचे तीन भाग ठरवले. वाली, जी देवळाच्या आतल्या आवारातच व्हायची. बेबाली, जी मधल्या आवारात, विधीच्या सोबतीनं. आणि बालिह-बालिहान, जी बाहेर, बघण्यासाठी, करमणुकीसाठी. पेंडेट हे देवांच्या स्वागताचं नृत्य पाहुण्यांच्या स्वागताला वापरलं जात होतं, तर त्याला तिथून सोडवायला पन्येम्ब्रामा नावाचं वेगळं नृत्य बसवलं. म्हणजे पाहुण्याला नाही म्हटलं नाही, त्याच्यासाठी नवीन काहीतरी केलं आणि देवाचं देवाला परत दिलं. २०१५ मध्ये युनेस्कोच्या यादीत बालीची नऊ नृत्यं गेली ती या तीन वर्गांच्या नावांनीच.

म्हणजे विकायला काय आहे आणि काय नाही याची यादी मालकानं स्वतः करून ठेवलेली आहे. आपण ती वाचायची. उलुवातूचा केचक विका, खुशाल विका. सूर्य बुडताना कड्यावर साठ-सत्तर पुरुष गोल बसून ‘चक चक चक’ करत रामायण उभं करतात, वाद्य एकही नाही, अंगावर काटा येतो. पण ‘हजारो वर्षांची परंपरा’ असं लिहू नका. सांगह्यांग या अंगात येण्याच्या जुन्या विधीतला समूहस्वर घेऊन १९३० च्या दशकात वाल्टर श्पीस हा जर्मन चित्रकार आणि वायान लिम्बाक हा नर्तक यांनी त्याला आजचा आकार दिला. हे सांगितलं म्हणून एकही तिकीट कमी खपत नाही, मी सांगून पाहिलंय. उलट लोक नीट बघतात. आणि जेवणाची वेळ गाठायला प्रयोग अर्ध्यावर सोडून कोचकडे पळवणं बंद करा. जटायू मरतो आणि आपले लोक उठतात, हे मी इतक्यांदा केलंय की त्या कलाकारांनाही आमची झेंडी पाठ झाली असेल.

ओदालानला कोच नेऊ नका. वायानच्या गावात असेल, त्यानं आपणहून बोलावलं, चार माणसं खरोखर उत्सुक असतील, तर ती चार जातील. सारोंग नेसून, कमरेला शेला बांधून, पुजाऱ्यापेक्षा उंच न बसता, फ्लॅश न मारता. अठ्ठावीस नाहीत. पाळी चालू असलेल्या बाईनं आत जायचं नाही अशी पाटी तिथेही दारावर असते; मला ती पटत नाही, आपल्याकडेही पटत नाही, पण दुसऱ्याच्या दारात उभं राहून त्यावर वाद घालायची जागा ती नव्हे. तुमच्या महिला पॅक्सना हे मुंबईतच सांगा, देवळाच्या पायरीवर चारचौघांत सांगायची वेळ टूर मॅनेजरवर आणू नका.

आणि कृपा करून लोकांना एवढं तरी सांगून पाठवा की तिथल्या देवळात मूर्ती शोधू नका. वर रिकामं सिंहासन असतं, पद्मासन. देव बोलावल्यावर येतात, विधी झाला की जातात. दर सहलीत कुणीतरी म्हणणारच, “इतकं लांब आणलं आणि मूर्तीच नाही?” आणि मग जेवताना, “हे कसले हिंदू, डुक्कर खातात!” वायानला मराठी येत नाही, पण बोलण्याचा सूर कुणालाही कळतो. त्याच वायाननं मला एकदा विचारलं होतं, तुम्ही गाडीची पूजा कधी करता? मी म्हटलं दसऱ्याला. तो म्हणाला, आम्ही तुम्पेक लांदेपला, आधी फक्त शस्त्रांची होती, आता स्कूटरची पण. आणि त्याआधी दोन आठवडे सरस्वतीचा दिवस, त्या दिवशी पुस्तकाची पूजा होईपर्यंत वाचायचं नाही. पाटीपूजन केलेल्या माणसाला यात काय अवघड आहे? पण हे जोडून दाखवायला तुमच्या आयटिनरीत दहा मिनिटं नसतात, कॉफी फॅक्टरीला मात्र पाऊण तास असतो. कमिशन कुणाला किती मिळतं ते मला विचारू नका.

बालीची लोकसंख्या चव्वेचाळीस लाखांच्या आसपास. २०२४ मध्ये तिथे ६३ लाखांच्या वर परदेशी पर्यटक आले, ऑस्ट्रेलियानंतर सगळ्यात जास्त आपले. १४ फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येक परदेशी पर्यटकाकडून दीड लाख रुपिया कर घेतात. (आपल्या पैशांत हजाराच्या आत, रुपियाचे शून्य बघून घाबरणाऱ्यांना हे सांगत जा.) मार्च २०२५ मध्ये, न्येपीच्या तोंडावर, तिथल्या गव्हर्नरांनी परिपत्रक काढलं : देवळात कपडे कसे, काय चढायचं नाही, कुठे जायचं नाही. ते परिपत्रक रशियनांसाठी, ऑस्ट्रेलियनांसाठी आहे असं समजून आपण फॉरवर्ड करतो. व्हिलाच्या पूलमध्ये रात्री दोनपर्यंत ब्लूटूथ स्पीकरवर गाणी लावून शेजारच्या बंजारच्या बाईला रात्रभर जागं ठेवणाऱ्या आपल्याच माणसांना मी स्वतः समजावून थकलेय. पहाटे तीच बाई आमच्या दारात चानांग ठेवून जायची. पानाची छोटी द्रोणासारखी टोपली, त्यात फुलं, वर उदबत्ती. आणि आमची पोरं त्यावर पाय देऊन नाश्त्याला.

बाकी तुम्ही जाणताच. हा धंदा मार्जिनचा आहे, सीझनमध्ये मेल वाचायला वेळ नसतो, हे मला कुणी सांगायला नको. म्हणून मी पुढच्या ब्रोशरसाठी चौथ्या दिवसाचा मजकूर लिहूनच देते. फुकट वापरा, माझं नाव नको :

‘दिवस चौथा : न्येपी, शकाचा वर्षारंभ. आज संपूर्ण बाली बंद. विमानं, रस्ते, दुकानं, मोबाइल इंटरनेट बंद. सकाळी सहा ते उद्या सकाळी सहा आपण हॉटेलच्या आवारात राहू. रात्री दिवे नाहीत. आवाज करू नये. लागणारी औषधं, लहान मुलांचं दूध आणि सुका खाऊ दोन दिवस आधीच घेऊन ठेवावा. काल संध्याकाळी आपण ओगोह-ओगोहची मिरवणूक पायी चालत पाहिलेली असेल. आज कुठलंही साइटसीइंग नाही.’

शेवटचं वाक्य तुमच्या सेल्सवाल्यांना खुपेल. खुपू द्या, पण काढू नका. आणि तिसऱ्या दिवसाच्या जेवणाचं बुकिंग हॉटेलातच ठेवा, रस्ते दुपारीच बंद होतात; नाहीतर केळी आणि बिस्किटं.

कळावे, लोभ असावा.

तुमच्याकडची एक जुनी टूर मॅनेजर

ता. क. : पाडवा आणि न्येपी एकत्र येतील त्या वर्षी पॅक्सना सांगा, तांब्या, खण आणि गाठी खुशाल न्या, पण कडुलिंबाचे डहाळे नेऊ नका, विमानतळावर काढून घेतील. तिथे कडुलिंब आहे. त्याला इंतारान म्हणतात. न्येपीच्या आदल्या दिवशी दुपारच्या आत माळ्याकडून मागून ठेवायचा.